पोकळी टिकली तेव्हा

पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत काळा बेसाल्ट फोडताना मध्येच एखादी पोकळी उघडी पडते आणि तिच्या आत पांढऱ्या, गुलाबी, क्वचित निळ्या स्फटिकांचे झुबके लगडलेले दिसतात. आपण त्यांना सरसकट गारगोट्या म्हणून मोकळे होतो. सिन्नरला मात्र त्यांचं अख्खं संग्रहालय उभं आहे आणि जगभरचे संग्राहक दख्खनच्या या खनिजांवर जीव टाकतात. त्यांतली स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही मंडळी जिओलाइट कुळातली. 1756 मध्ये अ‍ॅक्सेल क्रोन्स्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञानं अशाच एका खनिजाचा तुकडा तापवून पाहिला, तर तो उकळल्यासारखा फसफसला आणि आतलं पाणी वाफ होऊन निघून गेलं. खरं नवल त्याच्या पुढचं होतं, आणि ते उमगायला बराच काळ जावा लागला. पाणी गेलं तरी दगडाचा आतला सांगाडा जागचा हलत नाही. रेणूएवढ्या ज्या खोल्यांत पाणी राहत होतं त्या नुसत्या रिकाम्या होतात, आणि नवा पाहुणा आला की त्याला आत घेतात.

विसाव्या शतकात या गुणावर मोठा उद्योग उभा राहिला. कृत्रिम जिओलाइट तयार होऊ लागले. तेलशुद्धीकरण कारखान्यांत, कपडे धुण्याच्या पावडरीत, वायू वेगळे करण्याच्या टाक्यांत ते जाऊन बसले. पण त्यांची एक मर्यादा होती. सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या बांधणीतून ज्या मापाच्या खोल्या निघतील त्या घ्यायच्या. भिंत थोडी लांबवावी, आत एखादा वेगळा रासायनिक गट टांगावा, अशी हौस करायला फारसा वाव नव्हता. हव्या त्या मापाची पोकळी मुद्दाम बांधता येईल का, हा प्रश्न तिथून सुरू होतो. त्याचं उत्तर मिळायला मेलबर्न, जपान आणि अमेरिका अशा तीन ठिकाणी मिळून पाव शतक लागलं. 2025 चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार त्याच उत्तरासाठी होता.

सुरुवात एका सुतारकामातून झाली. 1974 साली मेलबर्न विद्यापीठात रिचर्ड रॉबसन यांना विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी रेणूंच्या प्रतिकृती हव्या होत्या: लाकडी गोळे म्हणजे अणू, त्यांत खोचायच्या काड्या म्हणजे बंध. गोळ्यांना भोकं पाडण्याचं काम विद्यापीठाच्या कार्यशाळेकडे द्यायचं, तर कुठल्या गोळ्याला किती भोकं आणि कोणत्या कोनात, हे आधी आखून द्यावं लागणार. कार्बनच्या गोळ्याला चार भोकं, चारही दिशांना सारख्या अंतरानं. नायट्रोजनचा हिशेब वेगळा, क्लोरिनचा वेगळा. गोळे तयार होऊन आले, रॉबसन जोडायला बसले आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला काही ठरवावंच लागत नाही. ठिपके मांडून झाले की रांगोळीचा घाट जसा ठरूनच जातो, तसा रेणूचा आकार त्या भोकांच्या जागांनी आधीच पक्का केलेला होता. मग अणूंच्या जागी आख्खे रेणू घेतले, आणि त्यांचे हात कुठल्या दिशेला आहेत हे आपणच योजलं, तर?

ही कल्पना त्यांनी लगेच प्रयोगात उतरवली नाही. वर्षानुवर्षं वर्गात त्या प्रतिकृती काढल्या की विचार पुन्हा डोकं वर काढायचा आणि पुन्हा मागे पडायचा. दहाहून जास्त वर्षांनी त्यांनी कंबर कसली. नमुना हिऱ्याचा घेतला, कारण हिऱ्यात प्रत्येक कार्बन चार शेजाऱ्यांना धरून असतो. चार हात पसरून बसणारा तांब्याचा आयन आणि चार टोकांना नायट्राइल गट असलेला एक मोठा सेंद्रिय रेणू अशी जोडी त्यांनी एकत्र आणली. त्या काळच्या बहुतेक रसायनशास्त्रज्ञांनी पैज लावून सांगितलं असतं की यातून गुंताडा तयार होईल. झाला तो नीटस स्फटिक. बर्नार्ड हॉस्किन्स या सहकाऱ्याच्या मदतीनं क्ष-किरणांनी तपासल्यावर त्यात हिऱ्याचाच आराखडा दिसला, फक्त तो इतका ऐसपैस होता की आत प्रशस्त दालनं होती. 1989 मध्ये हे काम अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. अशा पदार्थांचा पुढे काय काय उपयोग होऊ शकेल याचं भाकीतही रॉबसन यांनी करून ठेवलं, आणि आतले आयन बदलून घेता येतात हेही नंतर करून दाखवलं.

मात्र ती दालनं कधी रिकामी नव्हती. द्रावकाचे रेणू आणि आयन यांनी ती खचाखच भरलेली होती, आणि ते काढू गेलं की बांधकाम डळमळायचं. मला या सगळ्या इतिहासाचा कणा इथे सापडतो. जाळी विणणं हे अर्धंच काम होतं. क्रोन्स्टेटचा दगड जे सहज करत होता, म्हणजे पाहुणा गेल्यावरही घर उभं ठेवणं, ते माणसानं बांधलेल्या जाळीला जमत नव्हतं. जमणारही नाही, असं मानणारे पुष्कळ होते. त्यांचं म्हणणं चुकीचं म्हणून उडवून लावण्यासारखंही नव्हतं. पदार्थ शक्यतो दाटीवाटीनं बसतात. धातू आणि सेंद्रिय रेणू यांच्यातला साधा बंध सिलिकॉन-ऑक्सिजनच्या बंधाच्या मानानं लेचापेचा. मग मोठी पोकळी कोण तोलून धरणार?

जपानमध्ये सुसुमू कितागावा यांनी याच सुमारास हा विषय हाती घेतला होता, आणि तोही ‘निरुपयोगी’ म्हणवल्या जाणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवून. विद्यार्थिदशेत त्यांनी हिदेकी युकावा यांचं एक पुस्तक वाचलं होतं. जपानला पहिलं नोबेल मिळवून देणाऱ्या या भौतिकशास्त्रज्ञानं त्यात च्वांग-त्झू या प्राचीन चिनी विचारवंताचा दाखला दिला होता: आज ज्याचा उपयोग दिसत नाही त्याचंही मोल असू शकतं. किंदाई विद्यापीठात असताना 1992 मध्ये कितागावांनी बांधलेली पहिली सच्छिद्र रचना खरोखरच कुणाच्या कामाची नव्हती. तांब्याचे आयन जोडून केलेली ती सपाट जाळी होती आणि तिच्या फटींत अ‍ॅसिटोनचे रेणू लपलेले होते. संशोधनासाठी पैसे मागायला गेल्यावर नकार मिळायचा. पैसे देणाऱ्यांचा सवाल रोकडा होता: जिओलाइट आहेत, स्वस्त आहेत, टिकाऊ आहेत, मग हा नाजूक पदार्थ कशाला?

1997 मध्ये त्याचं पहिलं ठोस उत्तर आलं. कोबाल्ट, निकेल किंवा जस्ताचे आयन आणि बायपिरिडिन नावाचा काठीसारखा सरळ रेणू घेऊन कितागावांच्या गटानं त्रिमितीय चौकट बांधली. तिच्यातून आरपार बोगदे जात होते. आतलं पाणी सुकवून काढल्यावरही चौकट ढासळली नाही, आणि त्या बोगद्यांत मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन शिरू शकले, बाहेर पडू शकले. पुढच्याच वर्षी जपानच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी सांगितलं की या पदार्थांनी जिओलाइटची नक्कल करत बसायचं कारण नाही. ते लवचिक असू शकतात. पाहुणा आला की फुगतील, गेला की मिटतील. हे तेव्हा भाकीत होतं. नंतर असे श्वास घेतल्यासारखे हलणारे स्फटिक खरोखरच तयार झाले.

तिसऱ्या माणसाची गोष्ट सर्वांत लांबून येते. ओमार याघी 1965 मध्ये जॉर्डनमधल्या अम्मान शहरात एका पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबात जन्मले. घर म्हणजे एक खोली. तीत भरपूर भावंडं आणि जोडीला पाळलेली गुरं. वीज नव्हती, नळ नव्हता. दहा वर्षांचे असताना ते शाळेच्या एरवी बंद असणाऱ्या वाचनालयात गुपचूप शिरले आणि हाताला लागेल ते पुस्तक उघडलं. त्यात रेणूंची चित्रं होती: गोळे आणि काड्या. (मेलबर्नच्या कार्यशाळेत जवळजवळ त्याच काळात खऱ्या गोळ्यांना भोकं पडत होती, इतिहासाला असे योगायोग करायची खोड आहे.) पंधराव्या वर्षी वडिलांनी अमेरिकेला जायला सांगितलं. दुकानात गिऱ्हाइकांचं सामान पिशव्यांत भरून देणं, फरशी पुसणं असली कामं करत त्यांनी न्यूयॉर्क राज्यात शिक्षण पूर्ण केलं, इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली, हार्वर्डला काही काळ काढला आणि 1992 मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात स्वतःचा गट सुरू केला.

नवे घन पदार्थ करण्याची तेव्हाची रीत त्यांना पटत नव्हती. घटक भांड्यात घालायचे, तापवायचे आणि काय निघतं ते पाहायचं. वास्तुविशारद आधी आराखडा काढतो. रसायनशास्त्रज्ञानं का काढू नये? 1995 मध्ये त्यांनी तांबं आणि कोबाल्ट वापरून केलेल्या दोन सपाट जाळ्या प्रसिद्ध केल्या. त्यांतली कोबाल्टची जाळी, पोकळ्या भरलेल्या असताना, 350 अंशांपर्यंत तापवूनही मोडली नाही. ‘मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क’ हे नाव त्याच वर्षी रूढ व्हायला लागलं; प्रयोगशाळांत आता सगळे ‘मॉफ’च म्हणतात.

याघींची खरी चाल वेगळ्या रसायनात होती. रॉबसन आणि कितागावा यांच्या रचनांत सेंद्रिय रेणू नायट्रोजनच्या टोकानं धातूला धरत होता. हा बंध तसा सैल. याघींनी विद्युतभारित कार्बोक्सिलेट गट निवडले. ते धातूला घट्ट पकडतात, आणि धातूचा आयन एकटा न राहता ऑक्सिजनच्या साथीनं अशा आयनांचा कणखर पुंजका होतो. चौकटीचा कोपरा असा भक्कम झाला की पोकळी तोलण्याची आशा वाटू लागते. पण घट्ट बंधाचं एक दुखणं असतं. जोड एकदा चुकीच्या जागी बसला की सुटून पुन्हा नीट बसत नाही, आणि स्फटिकाऐवजी भांड्याच्या तळाशी भुकटी जमते. म्हणून सगळी प्रक्रिया मुद्दाम संथ करावी लागली. जस्ताचं नायट्रेट आणि टेरेफ्थॅलिक आम्ल द्रावकात विरघळवायचं आणि अमाईनची वाफ त्यात अगदी सावकाश मुरू द्यायची, म्हणजे आम्ल एकदम जागं न होता थोडं थोडं कामाला लागतं. हे आम्ल काही दुर्मीळ नव्हे. पॉलिएस्टरचं कापड आणि पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या त्यापासूनच बनतात.

निघालेल्या स्फटिकाला त्यांनी मॉफ-5 असा कोरडा क्रमांक दिला. रचना म्हणाल तर घनाकृती खोल्यांची न संपणारी चाळ: प्रत्येक कोपऱ्यावर चार जस्त आणि मधोमध एक ऑक्सिजन यांचा पुंजका, प्रत्येक कडेला टेरेफ्थॅलेटची काठी. आता परीक्षा पोकळीची होती. आतला जड द्रावक आधी क्लोरोफॉर्मनं बदलून घेतला, कारण तो सहज उडून जातो. मग निर्वात पंपानं सगळं बाहेर ओढलं. रिकाम्या केलेल्या त्याच स्फटिकाची क्ष-किरणांनी पुन्हा रचना काढली, तर अणू आपापल्या जागी. 300 अंशांपर्यंत तापवलं, तरीही उभं. निम्म्याहून जास्त जागा मोकळी असलेला स्फटिक कोसळत नव्हता. अतिशीत तापमानाला नायट्रोजन आत सोडून मोजलं, तेव्हा एका ग्रॅममध्ये सुमारे 2,900 चौरस मीटर पृष्ठभाग निघाला. म्हणजे चिमूटभर पुडीत फुटबॉलचं मैदान घडी घालून ठेवल्यागत झालं. जिओलाइट या स्पर्धेत कुठल्या कुठे मागे पडले. हा निबंध नोव्हेंबर 1999 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्याच वर्षी हाँगकाँगच्या एका गटानं तांब्याची अशीच एक सच्छिद्र चौकट ‘सायन्स’मध्ये मांडली होती, त्यामुळे हा एका माणसाचा चमत्कार होता असं म्हणण्यात अर्थ नाही. पण शंकेखोरांची तोंडं बंद करण्याचं काम मॉफ-5 नं केलं.

त्याच्या पुढची पायरी मला त्याहून मोठी वाटते. 2002 मध्ये याघींच्या गटानं मॉफ-5 चीच सोळा भावंडं एका निबंधात मांडली. चाळीचा नकाशा तोच, फक्त कडेच्या काठ्या बदललेल्या. कुठे लांब, कुठे बाजूला एखादा गट डकवलेला. काठी लांबवली की खोली तेवढी मोठी होते, हे आधी सांगून मग करून दाखवलं. इथे अंदाज संपला आणि आखणी सुरू झाली. या कामात मायकेल ओकीफ यांचा वाटा विसरता येत नाही. अ‍ॅरिझोनातले हे ज्येष्ठ सहकारी जाळ्यांच्या भूमितीत मुरलेले. कुठल्या आकाराचे तुकडे जोडले तर कोणती जाळी निघेल, याचं गणित त्यांनी बसवून दिलं. 2003 मध्ये दोघांनी मिळून ‘रेटिक्युलर’ रसायनशास्त्राची, म्हणजे ठरवून जाळ्या बांधण्याच्या शास्त्राची, मांडणी केली.

आणि मग झुंबड उडाली. व्हर्सायला जेरार फेरे यांनी क्रोमियमची प्रचंड पोकळ्यांची चौकट केली; ऑस्लोमध्ये झिर्कोनियमची दणकट चौकट निघाली. पृष्ठभागाचे विक्रम होत राहिले आणि मोडत राहिले: 2004 मध्ये ग्रॅमला 4,500 चौरस मीटर, 2010 मध्ये 6,000 च्या वर, 2012 मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात 7,000 च्या वर. केम्ब्रिजच्या स्फटिक-रचना संग्रहातून 2017 मध्ये मॉफच्या नोंदी वेगळ्या काढल्या, तेव्हा त्या 70,000 च्या आसपास भरल्या. 2000 ते 2010 या दशकात कुणाच्या निबंधांचा इतरांनी सर्वाधिक आधार घेतला याची थॉमसन रॉयटर्सनं यादी केली, तीत जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांत याघी दुसरे होते. एखाद्याचा मोठेपणा उद्धरणांच्या आकड्यांवर तोलायला मी तयार नाही. पण इथे त्या आकड्यांमागे खरं कारण होतं. मॉफ-5 ची कृती कुठल्याही साध्या प्रयोगशाळेला परवडणारी होती आणि तिचा नकाशा कुणीही आपल्या पद्धतीनं पुढे न्यावा असा. ज्या पद्धतीवर इतरांना आपलं घर बांधता येतं, तीच सर्वाधिक उद्धृत होते.

या गर्दीत फुगवटाही आला. 2003 च्या जानेवारीत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारींसाठी 1.2 अब्ज डॉलर जाहीर केले. हायड्रोजन साठवायचा कशात, हा कळीचा प्रश्न, आणि मे महिन्यात ‘सायन्स’मध्ये निबंध आला की मॉफ-5 अतिशीत तापमानाला स्वतःच्या वजनाच्या 4.5 टक्के हायड्रोजन धरतं. पुढच्या काळजीपूर्वक मोजण्यांत, वातावरणाएवढ्या दाबाला, हा आकडा दीड टक्क्याच्याही खाली आला. आणि ती दुरुस्ती खुद्द याघींच्याच गटानं प्रसिद्ध केली. वेगवेगळ्या प्रयोगशाळांत केलेल्या मॉफ-5 चे पृष्ठभागाचे आकडे एकमेकांशी जुळेनात. 2007 मध्ये उलगडा झाला: हा पदार्थ हवेतल्या ओलाव्यानं खराब होतो, त्यामुळे करताना आणि हाताळताना कोण किती जपतं यावर सगळं अवलंबून. ज्या स्फटिकानं 300 अंश पचवले त्याला पावसाळी हवा सोसवेना. हायड्रोजनच्या मोटारी काही त्या जोरावर धावल्या नाहीत.

पण ओलाव्याचा धडा वाया गेला नाही. पाण्याला न भिणारे धातू-पुंजके शोधणं हा पुढच्या दशकाचा मुख्य उद्योग झाला, आणि त्यातूनच पाणी हाच पाहुणा म्हणून बोलवायची कल्पना आली. झिर्कोनियम आणि फ्यूमॅरिक आम्ल यांची चौकट रात्रीच्या थंडाव्यात कोरड्या हवेतूनही बाष्प टिपते आणि दिवसाच्या उन्हात ते सोडून देते. ते गार पृष्ठभागावर थेंब होऊन जमतं. 2017 मध्ये एमआयटीतल्या एव्हलिन वांग यांच्या गटाबरोबर याघींनी हे दाखवलं, पुढे अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात जाऊन प्रत्यक्ष करून पाहिलं. नळ नसलेल्या घरातून आलेल्या माणसाला हे काम जवळचं वाटलं तर नवल नाही. मात्र दुष्काळी गावाला पुरेल इतकं पाणी त्यातून मिळण्याला अजून अवकाश आहे.

पुण्यातही हा विषय बऱ्याच आधी पोचला. याघींच्या गटात जिओलाइटसारख्या घडणीच्या इमिडाझोलेट चौकटींवर 2008 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या निबंधाचे पहिले लेखक राहुल बॅनर्जी तिथून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले. पाषाणला त्याच रस्त्यावरच्या आयसर या विज्ञानसंस्थेतही मॉफवर काम करणारे गट उभे राहिले.

8 ऑक्टोबर 2025 रोजी स्टॉकहोमहून नोबेलची घोषणा झाली तेव्हा याघी फ्रँकफर्टच्या विमानतळावर विमान बदलत होते. रॉबसन तेव्हा 88 वर्षांचे, मेलबर्नमध्येच. बक्षीस तिघांत सारखं वाटलं गेलं. त्या तीन नावांत ओकीफ आणि हॉस्किन्स नव्हते. फेरे तर 2017 मध्येच वारले होते. निवड मला योग्य वाटते, कारण एकानं आराखड्याची शक्यता दाखवली, दुसऱ्यानं पोकळीत वायूची ये-जा, तिसऱ्यानं पोकळीचा टिकाऊपणा आणि तिची आखणी. फक्त पृष्ठभागाच्या विक्रमांसाठी हा पुरस्कार होता असा समज करून घेऊ नये.

कारखान्यापर्यंत पोचलेला मॉफ पाहिला तर हे पटतं. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात जॉर्ज शिमिझू यांच्या गटानं जस्त, ट्रायझोल आणि ऑक्झॅलिक आम्ल या स्वस्त घटकांतून कॅल्फ-20 नावाची चौकट केली. 2021 मध्ये तिचा तपशील ‘सायन्स’मध्ये आला आणि लेखकांत पुण्याच्या आयसरचे रामनाथन वैद्यनाथन होते. धुराड्यातून निघणाऱ्या वायूत ओलावा असतो, आम्लं असतात. तरी ती त्यातून कार्बन डायऑक्साइड वेचून घेते आणि वाफ दिली की सोडते. स्वान्ते या कंपनीनं ब्रिटिश कोलंबियातल्या एका सिमेंट कारखान्यावर तिची चाचणी घेतली, आणि बीएएसएफ या रसायन कंपनीनं ती वर्षाला शेकडो टनांच्या हिशेबानं बनवायला घेतली. तिचा पृष्ठभाग ग्रॅमला 500 चौरस मीटरच्या थोडा वर आहे, मॉफ-5 च्या पाचव्या हिश्श्याहून कमी.